वेताळाच्या जंगलात ग्रामसभा का नव्हती?

मोहफूल (धागाकर्ता)

मागच्या पंधरवड्यात धान ठेवायची खोली झाडताना पत्र्याच्या संदुकीत इंद्रजाल कॉमिक्सचे सव्वीस मराठी अंक सापडले. चार अंकांची पाठ उदईने (वाळवीने) खाल्ली आहे. एका अंकाला माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नपत्रिकेचे कव्हर घातलेले आहे आणि त्यावर उमटलेले हळदीचे बोट अजून पुसलेले नाही. त्या दिवशी साफसफाई तशीच राहिली. ओसरीवर बसून दिवेलागणीपर्यंत मी अकरा अंक वाचून काढले आणि घरच्यांची बोलणीही खाल्ली.

नव्या वाचकांसाठी थोडे सांगतो. ली फॉक यांची ‘फँटम’ ही चित्रमालिका अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढले, तेव्हा सुरुवातीचे बत्तीस अंक त्याचेच होते. आपल्याकडे त्याचे नाव वेताळ झाले. हे नाव ज्याला सुचले त्याला दाद द्यावी लागेल, कारण पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या मुलाकडे त्या वयात आधीच दोन वेताळ असत. एक आजीच्या गोष्टीतला, भुतांचा राजा, अमावास्येला मशाली घेऊन निघणारा. दुसरा ‘चांदोबा’तला, विक्रमराजाच्या खांद्यावरून प्रश्न विचारणारा आणि उत्तर मिळताच पुन्हा झाडाला जाऊन लटकणारा. हा तिसरा पांढऱ्या घोड्यावरचा, कमरेला दोन पिस्तुले लावलेला. या तिघांची आमच्या डोक्यात कधी गल्लत झाली नाही.

वडील धान घेऊन वडशाच्या मिलवर जात. भाव बरा मिळाला तर येताना स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानातून एक अंक घेऊन येत. गोंदिया-चांदा ही तेव्हा छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांची, होती आणि गाडी इतकी रमतगमत येई की वडील घरी पोचेपर्यंत त्यांचा अंक वाचून झालेला असे. शाळेत मात्र कॉमिक्स म्हणजे गुन्हा होता. एकदा मुख्याध्यापकांनी दप्तरे तपासून आमचे पाच अंक जप्त केले आणि मधल्या सुट्टीत ते चहाच्या चुलीत गेले. बी. गोविंद यांनी रंगवलेले एक मुखपृष्ठ कडेने काळे पडत गेले, ते मी पाहिले आहे. पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि छत्तीस वर्षांत एकाही मुलाचे पुस्तक जप्त केले नाही. माझ्या नोकरीतली एवढी एकच गोष्ट मी छाती फुगवून सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. अकरावा अंक वाचताना चाळीस वर्षांत न पडलेला एक प्रश्न पडला. या जंगलात राहणाऱ्या माणसांना कोणी काही विचारते का?

कथेचा पाया आपल्या सर्वांना पाठ आहे. १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक गोरा तरुण किनाऱ्याला लागतो, जंगलातले बुटके बांदर लोक त्याला वाचवतात, आणि तो बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवत आला आहे आणि आपला वेताळ एकविसावा आहे. तो अमर आहे असे सगळे जंगल मानते. खरे काय ते फक्त बांदरांना ठाऊक असते. टोळ्यांमधली शांतता त्याच्या शब्दावर टिकते. जंगल गस्ती दलाचा सरसेनापतीही तोच, पण त्याला दलातल्या एकाही शिपायाने पाहिलेले नसते. हुकूम एका तिजोरीतून निघतात आणि ती तिजोरी खालून एका जुन्या विहिरीला जोडलेली असते. लहानपणी ही विहिरीची युक्ती मला इतकी आवडली होती की आमच्या सांदवाडीतल्या विहिरीत मी दोरीने डबा सोडून पाहिला होता. आता तीच युक्ती वाचताना वाटले की बिनचेहऱ्याचे सरकार याहून चांगले कोणी रेखाटले नसेल.

ज्या सोळाव्या शतकात बांदरांना म्हणे कवटीच्या सिंहासनावर बसवायला परका माणूस लागला, त्याच काळात आपल्या चांद्याला गोंड राजे राज्य करत होते. चांद्याचा परकोट आजही उभा आहे. तळे बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याची त्यांची रीत होती आणि कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर आपल्या भागातल्या धानाच्या बांध्या अजून भिजतात. जंगलातल्या माणसांना राज्यही करता येत होते आणि पाण्याचा हिशेबही ठेवता येत होता. हे मला शाळेत कोणी शिकवले नाही. वेताळाची सनावळी मात्र पाठ होती.

नोकरीची शेवटची नऊ वर्षे मी धानोरा तालुक्यात काढली. मेंढा-लेखा गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आपण सर्वांनी ऐकली आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. तिथला प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने होतो. त्याच भागातल्या दुसऱ्या एका गावात मी एकदा ग्रामसभेला बसलो होतो. बांबू कोणत्या बाजूने तोडायचा हा विषय होता. सगळ्यांचे जमत आले होते, एका म्हातारीचे जमेना. ती काही बोलत नव्हती, नुसती मान हलवत होती आणि पदराच्या टोकाला गाठ मारून सोडत होती. अंधार पडला, कंदील आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. कोणी चिडले नाही. मीच चिडलो होतो, कारण मला शेवटची एसटी गाठायची होती.

वेताळ असता तर त्याने दोन चौकटींत निकाल लावला असता, वाचकही खूश झाले असते आणि म्हातारी चित्रात कुठेतरी मागे उभी राहिली असती. मला विचारायचे आहे ते इतकेच की हे असे वाचल्यावर तुमचा वेताळ बिघडतो का? माझा बिघडला नाही, आणि तो का बिघडला नाही तेच मला उमगत नाही.

छोटी लाईन

गुरुजी, संदुकीचे वर्णन वाचून जीव कासावीस झाला. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, मुद्दा पटला नाही. बत्तीस पानी पुस्तकात ग्रामसभा शोधणे म्हणजे बोरीच्या झाडाला आंबे का लागत नाहीत म्हणून रुसणे आहे.

माझ्या वडिलांनी सातबारावरची एक चूक दुरुस्त करून घेण्यासाठी एका कार्यालयाच्या पायऱ्या अकरा वर्षे झिजवल्या. साहेब बदलत गेले, टेबले बदलत गेली, अर्ज मात्र तोच राहिला. त्या अकरा वर्षांत मी दर सुट्टीत वेताळ वाचत होतो. वाईट माणसाच्या हनुवटीवर ठोसा बसतो, वेताळाच्या अंगठीतल्या कवटीची खूण उमटते आणि ती जन्मभर जात नाही. निकाल, अंमलबजावणी आणि नोंद या तिन्ही गोष्टी एका चौकटीत होतात! ज्याच्या घरात न्याय या शब्दाचा अर्थ पुढची तारीख असा होता, त्या मुलाला ती खूण किती गोड वाटत असेल याचा विचार करा. त्या मुलाला लोकशाही नको होती असे नाही. रोज दाराशी दिसणारी लोकशाही त्याला घटकाभर विसरायची होती.

डेंकालीचा वाटसरू

धागा उत्तम आहे. एक दुरुस्ती आणि एक भर.

दुरुस्ती अशी की वेताळाच्या देशात निवडणूक होतेच. साठच्या दशकापासूनच्या कथांत डॉक्टर लामांडा लुआगा हे तिथले लोकांनी निवडून दिलेले राष्ट्राध्यक्ष आहेत आणि मतपेटीचा निकाल धुडकावू पाहणारा जनरल बाबाबू हा लष्करशहा आहे. वेताळ लुआगांच्या बाजूने उभा राहतो. त्या काळात आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते आणि काही ठिकाणी लष्कर सत्ता बळकावत होते, त्याची सावली त्या कथांवर स्पष्ट दिसते. त्यामुळे “कोणी काही विचारते का” या प्रश्नाचे उत्तर “शहरात विचारतात, जंगलात विचारत नाहीत” असे द्यावे लागेल. अर्थात याने तुमचा मुद्दा कमी न होता वाढतोच, कारण निवडून आलेल्या माणसाचे प्राणही शेवटी न निवडलेला माणूसच वाचवतो.

भर अशी की राजकारण आपण चष्मा लावून आत घातलेले नाही, ते छापतानाच आत होते. फॉक यांच्या सुरुवातीच्या कथांतली भूमी आशियाकडची वाटते. पुढे ती आफ्रिकेत सरकली. नावे मात्र आपल्याकडची राहिली. देशाचे ‘बंगाली’ हे नाव बंगालवरून आले, चाच्यांची टोळी सिंग या नावाची होती आणि पहिल्या वेताळाच्या बापाला मारणाऱ्याचे नाव होते रामा. आता हे पुस्तक भारतात छापायचे म्हणजे पंचाईतच. म्हणून इंद्रजालच्या संपादकांनी बंगालीचे डेंकाली केले, सिंगचे सिंगा केले आणि रामाचे रामालू केले. आपल्याकडून उचललेली नावे आपल्याकडे परत येताना कानस मारून गुळगुळीत केली गेली. मी हे नाव घेऊन इथे दहा वर्षे वावरतो आहे आणि ते मुळात सावधगिरीपोटी जन्मले हे मला फार उशिरा कळले.

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यातली, वयाने तुम्हा सर्वांहून लहान. मी इंद्रजाल वाचलेले नाही, कारण ते १९९० मध्ये बंद पडले आणि माझा जन्म त्यानंतरचा. आमच्या पिढीचे जंगल वकांडाचे, म्हणजे ब्लॅक पँथरच्या गोष्टीतल्या आफ्रिकी देशाचे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ब्लॅक पँथर हे पात्र १९६६ मध्ये आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला, पण पात्र आधीचे आहे. २०१८ चा चित्रपट मी हिंदीत मोबाइलवर पाहिला, तोही वीज आल्यागेल्यावर तीन हप्त्यांत.

मोहफूल सरांचा लेख वाचताना जाणवले की वकांडाने वेताळाचा एक दोष काढून टाकला आहे. तिथला राजा त्याच मातीतला आहे आणि जमिनीखालचे खनिज कोणाला द्यायचे ते तिथेच ठरते. गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडच्या लोहखनिजावरून इतकी वर्षे जे चालले आहे ते माहीत असलेल्या माणसाला तो चित्रपट पाहताना काय वाटते, हे मुंबईच्या मित्रांना मी समजावू शकले नाही. मात्र राजा कोण, हे तिथेही द्वंद्वयुद्धानेच ठरते. इतकी विमाने उडवणाऱ्या देशाला मतपेटी बनवता आली नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

छोटी लाईन

पऱ्हाटीताई, मतपेटीचे दृश्य चित्रपटात टाकले असते तर तुम्ही तरी तीन हप्त्यांत पाहिला असतात का?

सांदवाडी

मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कंटाळा आला तर क्षमा असावी.

आमच्या घरी कॉमिक्स भावासाठी यायचे. मला ते तो शेतात गेल्यावर, चुलीपुढे बसून, एका हाताने भाकर उलटत वाचावे लागत. त्यामुळे माझ्या आठवणीतल्या वेताळाला धुराचा वास आहे. मला वेताळाहून त्याची प्रेयसी डायना आवडायची, कारण ती संयुक्त राष्ट्रांत नोकरी करायची आणि एकटी विमानाने फिरायची. १९७७ मध्ये त्या दोघांचे लग्न लागले. मराठी अंकात ते वाचले तेव्हा मला आनंदाऐवजी धास्ती वाटली होती, की आता हिची नोकरी सुटणार. लग्न झाले म्हणजे नोकरी सुटते हे आमच्या गावात मी दोनदा पाहिले होते. पण तिची नोकरी सुटली नाही आणि फॉक यांच्याविषयी माझ्या मनात कायमचा आदर राहिला.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येते. दरवर्षी अशोक विजयादशमीला आम्ही दीक्षाभूमीला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा तिथे होते, पायी गेले होते. तिथे मूर्तीच्या दुकानांपेक्षा पुस्तकांच्या दुकानांपुढे जास्त गर्दी असते, हे बाहेरच्या लोकांना सांगूनही पटत नाही. मी सातवीत असताना वडिलांनी तिथेच अमर चित्रकथेचे बाबासाहेबांवरचे पुस्तक घेऊन दिले. त्यातल्या नायकाला मुखवटा नव्हता, घोडा नव्हता. तो पुस्तके वाचत होता, अर्ज लिहीत होता आणि सभेत बोलत होता. आमच्या घरात पहिल्यांदा एका चित्रांच्या पुस्तकाला देव्हाऱ्याशेजारी जागा मिळाली.

पुढे माझ्या मुलीने ‘भीमायन’ आणले. ते २०११ मध्ये आले, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. मी ते उघडले आणि गोंधळले, कारण त्यात चौकटीच नाहीत. भिंतीवर आणि अंगणात जी नक्षी काढतात तिच्या वळणांनी पान विभागले आहे. बोलण्याचे फुगेसुद्धा निराळे आहेत. साध्या, मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार आहे आणि जातीचे विष ओकणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मी मुलीला म्हटले, हे कोणाला शिकवावे लागणार नाही, आपल्या गावात प्रत्येकाला नांगी कुठली ते कळते. त्यात पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग आहेत. कोणाला पाणी मिळाले नाही, कोणाला राहायला खोली मिळाली नाही, कोणाला गाडीवान मिळाला नाही, अशा गोष्टी आहेत. यात ठोसा नाही, खूण नाही. छोटी लाईन यांना हवा असलेला लगेचचा निकालही नाही. तरीही मी ते एका बैठकीत वाचले.

म्हणून मला वाटते की गुरुजींचा प्रश्न थोडा वेगळ्या जागी विचारायला हवा. परधान म्हणजे गोंडांच्या कुळकथा गाऊन जपणारे लोक. वेताळाच्या गोष्टीत बांदर हे सगळे ऐकतात, ढोल वाजवतात, निरोप पोचवतात, पण गोष्ट सांगत नाहीत. ढोल वाजवणाऱ्याच्याच हातात गोष्ट दिली तर ती कशी निघते, ते भीमायनात दिसते.

बडग्या

सांदवाडीताईंचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

माझे दोन शब्द. चित्रातले राजकारण कळायला आपल्याला अमेरिकेची गरज कधीच नव्हती. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकावर हिटलरला ठोसा मारलेला आहे. तो अंक मार्च १९४१ चा, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या कितीतरी महिने आधीचा. महाराष्ट्रात १९६० मध्ये एका व्यंगचित्रकाराने ‘मार्मिक’ हे साप्ताहिक काढले आणि सहा वर्षांत त्यातून पक्ष उभा राहिला. हे सर्व खरेच, पण नागपुरात एकोणिसाव्या शतकापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घालवायचा पुतळा, निघते आणि तिच्यामागे बडगे निघतात. बडग्या म्हणजे कागद, बांबू आणि चिंध्यांचे हलते व्यंगचित्रच. महागाई, लाचखोरी, कोणाचा तरी परदेशी हुकूमशहा, ज्या वर्षी जे डोक्यात बसले असेल त्याचा पुतळा. आमच्या गावी लहान मारबत असते. पहाटे “खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत” असे ओरडत पोरे तिला शिवेबाहेर नेतात, आणि एका वर्षी पोरांनी खासी-खोकल्याच्या पाठोपाठ रोहित्राचेही नाव घेतले, कारण ते जळून दोन महिने झाले होते. रोहित्र आठवडाभरात आले. मारबतीमुळे आले असे मी म्हणत नाही, पण गावात तसेच म्हणतात.

आणि झाडीपट्टीचे नाटक? दिवाळीनंतर वडशाच्या मंडळ्या गावोगाव निघतात, रात्रभर प्रयोग चालतो, आणि खडी गंमत या लोकनाट्यातला सोंगाड्या पहिल्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्याला त्याच्या तोंडावर काय ते सुनावतो. पुढारी हसतो, त्याला हसावेच लागते. वेताळाने कधी कोणाला हसवले आहे का?

मोहफूल

सर्वांचे आभार. डेंकालीचा वाटसरू यांची दुरुस्ती मान्य आहे. लुआगांचा एक अंक माझ्या संदुकीतही निघाला, मीच तो बाजूला ठेवला होता. लहानपणी लुआगा आले की मी पाने भराभर उलटत असे, कारण त्यांच्या वाट्याला घोडा नव्हता. परवा पुन्हा वाचला तेव्हा एका चौकटीत ते टेबलाशी बसून कागद वाचताना दिसले. चष्मा नाकावर घसरलेला आहे की चित्रकाराचा ब्रश घसरला आहे ते कळत नाही, पण तो माणूस थकलेला दिसतो. बाबाबू एकाही चौकटीत थकलेला दिसत नाही.

छोटी लाईन, तुमच्या वडिलांच्या अर्जावर मला उत्तर नाही. माझ्या वडिलांनाही वडशाहून येताना वेताळच विकत घ्यावासा वाटला, ग्रामपंचायतीचा कायदा नव्हे. ते अंक आणताना स्वतः आधी वाचत, यातच बहुधा माझ्या प्रश्नाचे उत्तर असावे. मात्र अकरा वर्षे अर्ज घेऊन जाणारा माणूस कोणत्याच कॉमिक्सचा नायक झाला नाही, याचे वाईट वाटते. सांदवाडीताईंनी सांगितलेले पुस्तक मी मागवले आहे. त्यात अर्ज लिहिणारा माणूस आहे म्हणता, तर पाहतो.

बडग्या, वेताळ हसवत नाही हे खरे. मुखवट्यातून हसू दिसत नाही म्हणून असेल. मेंढा-लेखाच्या बाजूच्या त्या गावातली म्हातारी पुढच्या बैठकीत शेवटी बोलली, ते सांगायचे राहिले. तोडायच्या बाजूला तिच्या नवऱ्याने लावलेले एक मोहाचे झाड होते आणि बांबूच्या गाड्या त्याच्यावरून वळणार होत्या. गाडीवाट वीस पावले सरकवली. ते बोलून झाल्यावर ती पहिल्यांदा हसली आणि तिच्याबरोबर सगळी सभा हसली, कारण हे ती पहिल्याच दिवशी सांगू शकली असती. तिला विचारले तर म्हणाली, त्या दिवशी मास्तरला गाडीची घाई होती.

असो. कामाचे एक विचारतो. उदईने खाल्लेल्या चार अंकांपैकी एकाची शेवटची तीन पाने गेली आहेत. गस्ती दलाचा एक शिपाई सरसेनापती कोण हे शोधायला रात्री विहिरीत उतरतो, इतके वाचता येते. कोणाकडे तो अंक शाबूत आहे का?

छोटी लाईन

माझ्याकडे आहे, पहिले पान सोडून. येत्या आठवडी बाजाराला ब्रह्मपुरीला येतो आहे, बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर भेटू. तुम्ही सुरुवात आणा, मी शेवट आणतो. तो लग्नपत्रिकेचे कव्हर असलेला अंकही दाखवायला आणा, मागणार नाही.